दळणवळणाची नवी साधने आणि आपले घर

(विहाराच्या वर्धापन दिनी सायंकाळच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापन दिनाला या ठिकाणी दरवर्षी एखादे व्याख्यान होते. समितीने यंदा विषय दिला तो जरा वेगळा आहे. मोबाईल, टी.व्ही. आणि आपले रोजचे जीवन! विषय ऐकून काही तरुण मंडळी मागच्या मागे सटकली असतील. त्यांना वाटले असेल, आता तासभर मोबाईलच्या नावाने बोटे मोडली जाणार. तसे काही होणार नाही. आम्ही यंत्राला शिव्या द्यायला इथे उभे नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे बोलायला तोंड नव्हते आणि ऐकायला कुणी तयार नव्हते, त्या समाजाने निरोप पोहोचवणाऱ्या यंत्राला शिव्या देणे बरोबरही नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की ही साधने जोवर आपण चारचौघांत बसून वापरली, तोवर ती आपल्या ताब्यात राहिली. आणि जेव्हा घरातला प्रत्येक जण आपापला कोपरा धरून ती एकेकटा वापरू लागला, तेव्हा आपण त्यांच्या ताब्यात गेलो. ही एकच गोष्ट आज आपल्यापुढे मांडायची आहे.

आपल्या कोल्हापूरला यंत्राचे वावडे कधीच नव्हते. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः खटपट करून इथेच तयार केला. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी याच गावात उभी राहिली. 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट तिने १९३२ साली काढला. म्हणजे बाहेर जे नवे आले, ते कोल्हापूरकराने उघडून बघितले, समजून घेतले आणि आपल्या कामाला लावले.

आता आपल्या चळवळीकडे बघा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. त्याच वर्षी मार्च महिन्यात इथून जवळच माणगावला ती ऐतिहासिक परिषद भरली. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. पैसा नाही, छापखान्याची ददात, वर्गणीदार गरीब, तरी बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा वर्तमानपत्र का काढले असेल? ज्याच्या हातात बोलण्याचे साधन नाही त्याचे दुःख जगाला कळत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

ही पत्रे वाचली कशी जायची, हे महत्त्वाचे आहे. वाचता येणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. वस्तीतला एखादा शिकलेला पोरगा दिव्यापाशी बसून मोठ्याने वाचायचा आणि बाकीची मंडळी भोवती बसून ऐकायची. मध्येच एखादा म्हातारा विचारायचा, "म्हंजे काय रं? परत वाच की." मग त्यावर चर्चा, वादावादी. एकाचे वाचन दहांच्या डोक्यातून तावूनसुलाखून निघायचे. जलशांचेही तेच. गाणे ऐकायला सारी वस्ती एकत्र यायची आणि गाणे संपले तरी बोलणे संपायचे नाही.

रेडिओ आला तोही तसाच. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. वस्तीत ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी बैठक. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि आपल्याकडे घरोघरी टी.व्ही. दिसू लागला तो पुढे ऐंशीच्या दशकात. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचे, तेव्हा टी.व्ही. असलेल्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. त्या दारात काही पोरांना पुढे बसवले जायचे आणि काही पोरांना उंबऱ्याबाहेरूनच बघावे लागायचे, हेही इथल्या अनेकांना आठवत असेल. म्हणूनच आपल्यातल्या कितीतरी बापांनी पोटाला चिमटा काढून, हप्त्याने का होईना, घरात टी.व्ही. आणला. तो नुसता करमणुकीचा डबा नव्हता. आपलं पोर कुणाच्या दारात ताटकळू नये, हा त्यामागचा हिशेब होता.

फोनचेही असेच. लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे कंसात 'पी.पी.' असे लिहिलेले असायचे. म्हणजे फोन शेजारच्या दुकानातला, निरोप आमचा! मुंबईहून फोन आला की दुकानदार पोराला पळत पाठवायचा. नंतर एस.टी.डी.चे बूथ आले. रात्री दर कमी व्हायचा म्हणून तिथे रांग लागायची. नजर सगळ्यांची त्या मीटरच्या लाल आकड्यांवर. त्याच्याही आधी तारेचा जमाना. तार आली म्हटले की उघडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. ती तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. या सगळ्यात गैरसोय होती, खर्च होता, लाचारीही होती. त्या दिवसांचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण एक गोष्ट होती. बातमी चांगली असो की वाईट, ती एका माणसाला एकट्याला गाठत नव्हती. बातमी आली की तिच्याबरोबर शेजारीही यायचा.

३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात पहिला मोबाईल फोन कलकत्त्याहून झाला. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून लोक नंबर बघून फोन कापायचे. येणारे फोन फुकट झाले २००३ साली. मग 'मिस कॉल' नावाची नवी भाषा जन्माला आली. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघालो! २०१६ साली जिओ आले, इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि चार-पाच वर्षांत घरात माणशी एक पडदा झाला. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलवर आली. ज्या पोरांच्या हातात मोबाईल देऊ नये म्हणून आपण लपवून ठेवत होतो, त्यांच्या हातात आपणच तो शाळेसाठी दिला. शाळा परत सुरू झाली, मोबाईल मात्र परत आला नाही.

याचे फायदे नाकारणे म्हणजे डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे. २०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेने शहराला वेढा घातला, महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. शिरोळ तालुक्यात, चिखली-आंबेवाडीकडे माणसे अडकून पडली. त्या वेळी कुठे बोट पाहिजे, कुठे म्हातारं माणूस माडीवर अडकलंय, कुठल्या शाळेत जेवण मिळतंय, हे निरोप मोबाईलवरूनच फिरले. आज पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी, आणि ४३ फूट, म्हणजे धोका पातळी, कधी गाठते हे आपल्याला घरबसल्या कळते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीकाठच्या घरात सामान वर चढवायला सुरुवात होते. पूर्वी हे पाणी दारात आल्यावरच समजायचे.

शिष्यवृत्तीचे अर्ज आता 'महाडीबीटी'च्या संकेतस्थळावर भरायचे असतात. दाखले, निकाल, प्रवेशाच्या याद्या, सगळे फोनवर. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड, जे एकेकाळी ग्रंथालयात नंबर लावून मिळायचे, ते आज मोबाईलवर वाचता येतात. बाजारात भाजीवाल्या मावशीसुद्धा पैसे फोनवर घेतात. ३० डिसेंबर २०१६ रोजी पैसे पाठवण्याचे सरकारी ॲप निघाले, त्याचे नावच 'भीम' ठेवले गेले. तेव्हा साधन वाईट नाही. मग बिघडले कुठे?

पहिली गोष्ट अफवेची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. कारण काय? मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश आणि व्हिडिओ कित्येक दिवस लोकांच्या मोबाईलवर फिरत होते. त्या पाच गरिबांचा गुन्हा एवढाच, की ते परके होते आणि अंगावरचे कपडे फाटके होते. तो संदेश ज्याने ज्याने पुढे पाठवला, त्यातल्या एकानेही काठी उचलली नसेल. पण त्याच्या अंगठ्याने काठीचे काम केले. त्यानंतर व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली. म्हणजे जी मर्यादा आपण स्वतःला घालायला हवी होती, ती कंपनीला घालावी लागली.

लांबचे कशाला, आपल्याच गावचे बघा. जून २०२३ मध्ये काही जणांच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून आपल्या कोल्हापुरात तणाव झाला. ७ जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या गावात! ज्यांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली त्यांच्या गावात! स्टेटस बोटाएवढे, आणि त्यापायी दुकाने बंद, हातावर पोट असणाऱ्यांची रोजंदारी बुडाली, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागला. ते चित्र त्या पोरांनी कट्ट्यावर चार वडीलधाऱ्यांसमोर दाखवले असते, तर कुणीतरी कान धरून म्हटले असते, "काढ ते आधी." आणि ते बघून ज्यांची डोकी भडकली, त्यांनाही कुणीतरी म्हटले असते, "गप बस जरा, पोलिसात सांगू." पण मोबाईलवर टाकणाराही एकटा आणि बघणाराही एकटा. मध्ये शहाणा माणूस कुणी नाही.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले होते, ते या विहारात आपण कितीदा ऐकले आहे. केवळ कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका. स्वतः पारखून बघा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश मोबाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे. रोज चौथे शील घेणाऱ्याने, खरे-खोटे न बघता आलेला संदेश पुढे ढकलणे, म्हणजे तोंडाने न बोलता अंगठ्याने खोटे बोलणे नाही का? आणि हे फक्त दुसऱ्यांना लागू नाही. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये आपलीच माणसे छान चित्र लावून पाठवतात. ज्या माणसाने प्रत्येक विधानाला पुरावा दिला, त्याच्या नावावर बिनपुराव्याचे वाक्य खपवणे हा त्यांचा गौरव नव्हे.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. अलीकडे 'डिजिटल अरेस्ट' म्हणून एक प्रकार निघाला आहे. व्हिडिओवर फोन येतो. समोर खाकी गणवेश, मागे अशोकस्तंभाचे चित्र. म्हणतो, तुमच्या आधार कार्डावर पार्सल निघाले, त्यात अमली पदार्थ सापडले, तुम्हाला अटक झाली आहे. मग काय सांगतो? खोलीचे दार लावा. कॅमेरा बंद करू नका. घरात कुणाला सांगू नका. बघा, सगळी मेख इथे आहे! त्या चोराला आपला पैसा नंतर हवा असतो, आधी त्याला आपण एकटे हवे असतो. दार उघडून शेजारच्या पोराला हाक मारली तर त्याचा धंदा तिथेच बुडतो. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेली, कायद्याला भिणारी, सरळमार्गी माणसे यात सापडतात. भारतातल्या कुठल्याही कायद्यात फोनवरून अटक नाही, हे घराघरांत पाठ झाले पाहिजे. तसेच हेही पाठ करा, की पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. आणि फसगत झालीच तर लाज बाळगत बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

तिसरा प्रकार पैसे लावून खेळायच्या पत्त्यांचा. पूर्वी जुगारी माणूस कुठे बसतो हे साऱ्या गल्लीला माहीत असायचे. बायको अड्ड्यावरून ओढून आणायची. आता अड्डा खिशात आला. माणूस घरातच, पांघरुणात, बायको शेजारी झोपलेली आणि हा पगार हरतोय! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, ते बरे झाले. पण दारूबंदीचे कायदे झाले म्हणून दारू सुटत नाही, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. कायदा दाराबाहेर असतो. दाराच्या आत आपणच असतो.

आता मुलांकडे येऊ. आयाबाया म्हणतात, "काय करावं, पोरगं ऐकतच नाही." पोराला दोष देण्याआधी ते यंत्र चालते कसे हे समजून घ्या. रील फुकट दिसते, मग कंपनीचे पोट कशावर भरते? जाहिरातीवर. जितका वेळ आपण बघू तितक्या जाहिराती. म्हणून कुठल्या चित्रावर आपला अंगठा किती वेळ थांबला याची नोंद ठेवली जाते आणि लगेच तसलेच दुसरे चित्र पुढे येते. सिनेमा संपला की पडद्यावर 'समाप्त' अशी पाटी यायची. वर्तमानपत्राला शेवटचे पान असायचे. पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रमसुद्धा रात्री संपायचे. या रीलला शेवटचे पानच नाही. ते मुद्दाम ठेवलेले नाही. मोठमोठे शिकलेले इंजिनियर पगार घेऊन ज्या यंत्राला खिळवून ठेवायचे काम शिकवतात, त्यापुढे आठवीतले पोर एकटे कसे टिकणार? त्याला एकट्याला लढायला लावणे हाच अन्याय आहे. ऑस्ट्रेलिया देशाने तर कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. तिथल्या सरकारलासुद्धा हे आई-बापावर एकट्यावर सोडावेसे वाटले नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या गावाने ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरातला टी.व्ही. आणि मोबाईल बंद. साडेआठपर्यंत बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे नाहीतर एकमेकांशी बोलायचे. टाळेबंदीनंतर मुलांचे वाचायचे-लिहायचे मागे पडले, हे शिक्षकांनी सांगितले होते. गावाने त्यावर भाषणे झोडली नाहीत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावत फिरले. ही बातमी देशभर गाजली.

यातले मर्म लक्षात घ्या. दीड तास मोबाईल बंद ठेवणे ही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट ही, की तो सगळ्यांनी एका वेळी बंद ठेवला. एका घराने ठेवला असता तर पोर म्हणाले असते, "शेजारचा बघतोय, मीच का नको?" भोंगा वाजला की शेजारच्याचाही बंद, बापाचाही बंद, सरपंचाचाही बंद. जे काम एकट्या आईला जमत नव्हते, ते सगळ्या गावाला जमले. बाबासाहेबांनी आपल्याला 'संघटित व्हा' म्हणून सांगितले, ते काय फक्त मोर्चासाठी? घरातल्या साध्या सवयीसाठीसुद्धा संघटित व्हावे लागते.

मात्र 'एकत्र' या शब्दाने फसू नका. गर्दी म्हणजे एकत्र येणे नव्हे. आपण जयंतीला एकत्र येतो, पण डॉल्बीच्या भिंतीपुढे शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येते का? आजारी माणूस, तान्हे बाळ, दहावी-बारावीची पोरे यांचे काय होते? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. हा नियम सर्व उत्सवांना आहे, आपल्यालाही आहे. ज्या महापुरुषाने दिवसदिवस ग्रंथालयात बसून अभ्यास केला, त्याच्या जयंतीत एकमेकांचा शब्द ऐकू आला पाहिजे, एवढीच आमची विनंती.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोबाईलचे तोटे ऐकले की घरात पहिली कुऱ्हाड कुणावर पडते? पोरीवर! पोरगा रात्री एकपर्यंत गेम खेळतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. पोरीने मैत्रिणीला फोन केला की, "कुणाशी बोलतीयेस? आण इकडं." अर्ज भरायला, क्लास ऐकायला, उशीर झाला तर घरी कळवायला, जिला या साधनाची सर्वांत जास्त गरज आहे तिच्याकडून ते काढून घ्यायचे, याला शिस्त म्हणत नाहीत. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे नाव आपण घेतो. तेव्हा घरात जो नियम कराल तो पोरगा-पोरगी दोघांना सारखा, आणि सगळ्यात आधी बापाला. जेवताना बापाच्या डाव्या हातात मोबाईल आणि तोंडी उपदेश, हे चालणार नाही. पोरं कानाने शिकत नाहीत, डोळ्याने शिकतात.

मग करायचे काय? फार मोठ्या गोष्टी आम्ही सांगणार नाही. वस्तीला झेपतील अशा चारच सांगतो.

एक. वस्तीने मिळून संध्याकाळचा एक तास ठरवावा. साडेसात ते साडेआठ म्हणा. भोंगा नको, विहारातली घंटा पुरे. त्या तासात प्रत्येक घरात टी.व्ही. बंद आणि सगळ्यांचे फोन एका जागी, फळीवर नाहीतर टोपलीत. कामावर असणारे, घरी आजारी माणूस असणारे यांना सूट. बाकी कुणालाही नाही. पहिले आठ दिवस घर खायला उठेल. नवव्या दिवशी कुणीतरी बोलायला लागेल.

दोन. आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न. हे सांगितले कुणी? कधीचे आहे? आणि हे खोटे निघाले तर मार कुणाला बसेल? जुन्या पुराचे व्हिडिओ दरवर्षी आजचे म्हणून फिरतात, हे आपण बघतोच. तिन्हींचे उत्तर मिळाले नाही तर संदेश आपल्यापाशीच मरू द्यावा. अशा संदेशाच्या मरणाचे सुतक नसते.

तीन. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर तरुण मुला-मुलींनी इथेच बसून आजी-आजोबांना फोन शिकवावा. पैसे कसे पाठवायचे, फसवा फोन कसा ओळखायचा, नातवाला व्हिडिओवर कसे बघायचे. आपल्याकडे पेन्शनवाले, विधवा माता पुष्कळ आहेत. बँकेचा संदेश वाचून घ्यायला त्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते. शिकवताना मात्र, "आज्जी, किती वेळा सांगायचं?" असे म्हणायचे नाही. तुम्हाला 'अ' शिकवताना आज्जी असे म्हणाली नव्हती.

चार. त्याच रविवारी दहा-पंधरा मिनिटे एखादे पुस्तक किंवा एखादी बातमी मोठ्याने वाचावी आणि त्यावर बोलावे. मोबाईलवरून वाचली तरी चालेल! 'मूकनायक' ज्या रीतीने ऐकला जायचा ती रीत परत आणायची आहे, तो कागद नव्हे. पडदा एक असावा आणि बघणारे चार असावेत. चौघांत एक तरी विचारणारा निघतो, "म्हंजे काय रं?" हा प्रश्न ज्या घरात जिवंत आहे त्या घराला कुठलेही यंत्र खाऊ शकत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांना निरोप धाडायला पोस्टकार्ड दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागले. आज त्यांच्या नातवंडांच्या हातात सगळे जग आहे. हे काही फुकट मिळालेले नाही. शिक्षणासाठी आणि माणूस म्हणून बोलण्याच्या हक्कासाठी कित्येक पिढ्या झिजल्या, तेव्हा आपला हात इथवर पोहोचला. तो हात रात्री दोन वाजता रील सरकवण्यात झिजू नये, कुणाच्या घराला काडी लावण्यात तर मुळीच वापरला जाऊ नये, एवढीच तळमळ आहे.

समितीने ठराव केला आणि पुढच्या पौर्णिमेपासून घंटा सुरू झाली, तर आजचे हे बोलणे कामी आले असे आम्ही समजू. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि आम्ही मघापासून बघतो आहोत, एकाही माणसाचा फोन वाजला नाही. म्हणजे सुरुवात झालेलीच आहे!

जयभीम! नमो बुद्धाय!